दक्षिण ध्रुवावरची फसवी

परंडा तालुक्यात, सीना नदीच्या अलीकडच्या एका गावात, माझ्या नावाचा एक खड्डा आहे. नावाचा म्हणजे हुद्द्याचा. 'मास्तरखड्डा' म्हणतात त्याला. पटवाऱ्याच्या दप्तरात तो सापडायचा नाही, पण गुरं राखणाऱ्या कुणालाही विचारा, बोट करून दाखवील आणि वर हसेल. पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला बर्फात जे डोंगर, कडे आणि खाड्या आहेत त्यांना राजांची, राण्यांची आणि मोहिमेला मदत करणाऱ्या बड्या असामींची नावं आहेत. त्यातल्या बहुतेकांनी तो बर्फ जन्मात बघितलेला नाही. त्या मानानं माझा हक्क जास्त पक्का. मी माझ्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलो होतो, कमरेला दोर बांधून.

हे कसं घडलं ते सांगताना माझी अब्रू जाईल. पण ती त्याच वर्षी बरीचशी गेली असल्यानं उरलेल्या भागाची मला फारशी फिकीर नाही.

निजाम राजवटीचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, नाहीतर जरा कमी घाबरलो असतो. मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला. देवीची सेवा वाटून घ्यायला घरात चुलते आणि भाऊ इतके, की माझी पाळी यायला बहुधा पुढचा जन्म उजाडला असता. म्हणून मी मास्तर झालो. शाळा सरकारी, चौथीपर्यंतची. जुगराफिया, म्हणजे भूगोल, माझ्याकडं. का, तर माझा आवाज मोठा होता.

राहायला मी अक्काच्या घरी, ओसरीला लागून असलेल्या खोलीत. अक्का लिंगायत, चाळिशी ओलांडलेली, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि पुढं माहेरची माणसंही गेल्यावर सगळी जमीन एकटीनं कसू लागली. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारासुद्धा तिला अक्काच म्हणायचा. ती माझी दोन वेळची भाकरी करायची.

तिच्या एका शेताचं नाव फसवी. तिच्या वडिलांनी तिथं विहीर खणायला घेतली होती. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली, चार पुरुष खोल खणलं, आणि लागला कोरडा ठणठणीत मुरूम. तेव्हापासून शेताचं नाव फसवी. पण लिंगायताचं डोकं व्यापाऱ्याचं. कोरड्या मुरमात धान्य चांगलं टिकतं म्हणून म्हाताऱ्यानं त्याच खड्ड्याचं पेव केलं, म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तळाला आणि कडेनं कडबा, मध्ये जोंधळा, तोंडावर फरशी आणि फरशीवर हातभर माती. वरून नांगर फिरला तरी पत्ता लागायचा नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांपासून सरकारनं लेव्ही लावलेली होती. घरात जो जोंधळा दिसेल त्यातला ठरलेला भाग सरकारला घालायचा, आणि ठरवणारा माणूस जसा असेल तसा तो भाग फुगायचा. अक्का निम्मा जोंधळा घरात दाखवायची आणि निम्मा फसवीच्या पोटात ठेवायची. वर्षभर तिचं घर, दोन सालगडी आणि अडल्यानडल्याची तीन-चार घरं त्यावर जगायची.

हे मला कसं कळलं? माझ्याच उत्साहामुळं. पौषात हुरडा खायला फसवीत गेलो होतो. आगटी खणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि नेमकी जागा निवडली ती पेवाच्या तोंडाची. दोन घाव घातल्यावर जमीन ढोलासारखी वाजली. अक्का धावत आली आणि माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

"मास्तर, ऐकलं ते पोटात ठेवा," ती म्हणाली.

"ठेवतो की, अक्का."

आणि मी ठेवलंही. तोंडानं एका शब्दानं बोललो नाही. पण हाताला कुणी शपथ घातली नव्हती.

महाशिवरात्रीच्या सुमाराला हुकूम आला की मोहतमिमसाहेब शाळा तपासायला येणार, भिंतीवर जगाच्या सगळ्या भागांचे मोठे नकाशे हवेत. बाकीचे कसेबसे उतरवले. राहिला दक्षिण ध्रुव. आमच्या नकाशांच्या पुस्तकात तो भाग कसरीनं खाल्लेला. बार्शीच्या बाजारात पुड्या बांधायच्या रद्दीत मला एक इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यात तिकडं गेलेल्या खलाशांची हकिकत होती. ती दहा वेळा वाचून, निम्मी समजून, मी मांजरपाटाच्या कापडावर शाईनं नकाशा काढला. किनारा झोकात आला. पण आतला सगळा मुलूख पांढरा. तिथं कुणी गेलंच नव्हतं तर नावं कुठली? मोहतमिमसाहेबांना वाटणार, मास्तरानं काम अर्धं टाकलं.

त्या मासिकात लिहिलं होतं की हे खलाशी जिथं जे घडेल त्यावरून जागेला नाव द्यायचे. जिथं आशा सुटली तिथं निराशेचं टोक. एका बेटाला तर सरळ 'फसवं' म्हणून टाकलेलं. बाहेरून भरीव डोंगर दिसतो, आणि एका फटीतून आत शिरलं की मधोमध पाण्यानं भरलेली पोकळी.

हे वाचून मी वर्गाला विचारलं, आपल्या शेतांना नावं कशी पडली? पोरांनी गलका केला. बैल मोडून पडला ती बैलमोड. दोन वर्षं पेरून दाणा हाती आला नाही ती उपाशी. दोन भावांची डोकी फुटली तो भांडमाळ. मला तर घबाडच मिळालं. आमच्या गावाची आणि त्या खलाशांची रीत एकच. मग मी तो पांढरा मुलूख आमच्या शिवारानं भरून टाकला. एका हिमनदीला बैलमोड, एका पठाराला उपाशी, आणि पार मधल्या उंचवट्याला, बाहेरून भरीव आणि आतून पोकळ म्हणून, फसवी. माझं उर्दू अक्षर मुंग्या चिरडल्यासारखं, म्हणून नावं मराठीतच लिहिली.

इथवर माफ होतं. पण ते खलाशी परतीच्या वाटेसाठी जागोजागी अन्न पुरून ठेवायचे आणि वर निशाण रोवायचे. नकाशात ते दाखवायला हवं. मी किनाऱ्यापासून आतपर्यंत ठिपक्यांची वाट काढली, दोन-तीन ठिकाणी तंबू काढले, आणि फसवीवर लाल शाईनं छोटं निशाण काढून शेजारी लिहिलं, 'मोठा साठा'. लिहिताना एकटाच हसलो. अक्काला एकदा शाळेत आणून दाखवू, ती चिडेल, मजा येईल, असा बेत होता. हाताला शपथ नव्हती ती ही अशी.

मोहतमिमसाहेब आलेच नाहीत. दिवस बिघडले. सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या अंगाला, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या. चैत्रात त्यांनी आमच्या बाजूचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळला. दोन दिवसांनी सकाळची शाळा सुटायच्या बेताला पोलिसांचे अमीनसाहेब आठ जवान घेऊन गावात आले आणि पाणी प्यायला शाळेत टेकले. बरोबर आमचा पटवारी होता.

अमीनसाहेबांचा एक गाल सुजलेला, दाढेखाली लवंग. मूळचे हैदराबादचे, पण आमच्याकडं बरीच वर्षं काढल्यानं दखनी आणि मराठी एकाच घोटात बोलायचे. पाणी पिता पिता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"मास्टर, ये क्या है?"

"नकाशा, सरकार. कुत्ब-ए-जुनूबी. दक्षिण ध्रुवाचा."

"उसमें लिखे सो क्या है? पटवारी, वाचा."

पटवारी चष्मा सावरून पुढं झाला. "बैलमोड," त्यानं वाचलं. मग, "उपाशी." मग त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला. "भांडमाळ." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी कुठल्या झाडाला लटकणार हे त्याला आधीच दिसतंय.

"ये तो तुमारे गाव के खेतां हैं," अमीनसाहेब म्हणाले. शिवारातून येताना त्यांनी वाटाड्याला विचारत विचारत वाट काढली होती. त्यांचं बोट ठिपक्यांच्या वाटेवरून हळूहळू सरकलं, तंबूंवर थांबलं, लाल निशाणावर टेकलं. "आणि हे?"

"फसवी. मोठा साठा," पटवाऱ्यानं वाचलं.

मी घाईघाईनं समजावू लागलो. बर्फाचा मुलूख, सरकार. लोक लांब जातात. वाटेत खाणं पुरून ठेवतात, परत येताना कामाला यावं म्हणून.

अमीनसाहेबांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "कोण परत येणार आहे, मास्तर?"



त्यांनी पोरं घरी पाठवली, नकाशा खिळ्यावरून काढून गुंडाळला आणि म्हणाले, "चला. फसवी दाखवा."

गावापासून फसवी अर्ध्या कोसावर. मी पुढं, दोन जवान दोन अंगाला, मागं अमीनसाहेब, आणि सर्वांत मागं पटवारी, जो दर दहा पावलांनी आणखी मागं राहत होता. माझ्या डोक्यात एकच चक्र. साठा नाही म्हणावं, तर हे मला परंड्याला नेणार, आणि परंड्याला नेलेली माणसं कशी परत यायची ते मी बघितलं होतं. साठा आहे म्हणावं, तर अक्काचा वर्षाचा जोंधळा जाणार आणि तिच्यावर खटला. तिसरं काही सुचतं का बघत होतो. वाट संपेपर्यंत सुचलं नाही.

चैत्रात खत वाहायचं काम चालतं. अक्का पाच-सहा बायांबरोबर शेणखताच्या पाट्या रिकाम्या करत होती. आम्हाला बघून बाया थबकल्या. अक्कानं हातातली पाटी पालथी करून झटकली, मगच वर बघितलं.

अमीनसाहेबांनी नकाशा ढेकळांवर पसरून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. "बाई, इथं हत्यारं पुरली आहेत. जागा सांगा. न्हाय तर मास्तरला परंड्याला नेतो. तिथं विचारणारे दुसरे आहेत."

अक्का नकाशाभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर आली. "काय लिवलंय तुम्ही ह्यात?"

"साठा," मी म्हणालो.

"कुठं?"

"फसवीत."

"कुणी सांगितलं लिवाया?"

"कुणी नाही, अक्का. मजा म्हणून."

"मजा म्हणून," ती म्हणाली. रागानं नाही. भाजीवालीनं सांगितलेला भाव आपल्याशी पुटपुटून बघावा तसं.

मग तिनं एकदा त्या जवानांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ती अमीनसाहेबांकडं वळली.

"सरकार, बंदुका न्हाईत. जोंधळा हाय, माझा हाय. लेव्हीतनं लपवला, ते बी मीच. ह्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत न्हाय, त्याच्याजवळ बंदुका कोण ठेवंल?"

तिनं जाऊन नेमक्या जागेवर टाच आपटली. जमीन ढोलासारखी वाजली.

जवानांनी माती ओढली आणि पहारी घालून फरशी सरकवली. आतून ऊन, आंबूस, डोक्याला चढणारा वास आला. खाली अंधार, आणि अंधारात कुठंतरी धान्य. अमीनसाहेब वाकले.

"वर जोंधळा दिसतो. खाली काय आहे ते उतरल्याशिवाय कसं कळणार?" त्यांनी जवानाला खूण केली. "मास्तरला दोर बांधा. त्याचा साठा, तोच उतरेल."

"आज कुणी उतरायचं न्हाय," अक्का म्हणाली. "आज उघडलं की उद्या उतरत्यात. आत वाफ असती. खाली गेलेला माणूस हाक देत न्हाय."

"उद्यापर्यंत तुमचे पलीकडचे येऊन माल घेऊन जातील."

माझ्या कमरेला दोर आवळला गेला. मला काठावर बसवलं. पाय आत सोडले तेव्हा तळव्यांना ती ऊब लागली, आणि मला इतका मोह झाला ओरडायचा, की खाली सगळं खरंच आहे, बंदुका आहेत, तोफा आहेत, काय हवं ते आहे, फक्त मला वर घ्या. एवढा मी शूर.

अक्का कुणाला न विचारता खोपीकडं गेली आणि कंदील घेऊन आली. भर दुपारी तिनं तो पेटवला, कडीला दावं बांधलं, माझ्या गुडघ्यांच्या मधून आत सोडला. सगळे वाकून बघत होते. एक हात गेला, ज्योत ठीक होती. दोन हात गेला, ती बारीक झाली. अडीच हातांवर ती नुसती विझली. फुंकर नाही, वारा नाही.

"हवेनं विझला असंल," एक जवान म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

"परत लावा," अमीनसाहेब म्हणाले.

अक्कानं कंदील ओढून परत लावला, परत सोडला. परत अडीच हातांवर विझला. माझ्या पाठीशी दोर धरलेल्या जवानानं आपण होऊन मला वीतभर मागं ओढलं. ती वीत मी अजून विसरलो नाही.

अमीनसाहेब आपल्या सुजलेल्या गालाला हात लावून नकाशाकडं बघत होते.

"मास्तर, उधर सच्ची बरफ है?"

"बर्फच आहे, सरकार. बाकी काही नाही."

"मग लोक कशाला जातात?"

"नकाशात जागा रिकामी आहे म्हणून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांची खात्री पटली. बंडखोर इतका मूर्ख नसतो. पण अमलदाराला नुसती खात्री पटून चालत नाही, कागद लागतो. त्यांनी पोहऱ्याला दावं बांधून वरचं धान्य काढायला लावलं. पेवाच्या तोंडाचा थर नेहमीच नासतो. काळे पडलेले, चिकटलेले गोळे वर आले. अमीनसाहेबांनी एक नाकाशी नेला आणि लांब फेकला. सूर्य कलायला लागला होता, आणि दिवस बुडायच्या आत त्यांना जळक्या नाक्यावर पोचायचं होतं. सरहद्दीजवळच्या उघड्या शेतात आठ जवानांनिशी थांबायची त्यांची तयारी नव्हती.

"पटवारी, फरशी लावून मोहोर करा. उद्या तहसिलीतले गिरदावर गाड्या घेऊन येतील. सगळा जोंधळा जप्त. बाईवर गुन्हा." मग माझ्याकडं बघून, "नकाशा मी नेतो."

ते गेले. माझ्या कमरेचा दोर सोडायचं त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. तो अक्कानं सोडला. गाठ पक्की होती, दातांनी सोडावी लागली, आणि तेवढा वेळ मला तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघत उभं राहावं लागलं. मी काहीतरी बोलायला गेलो.

"बोलू नगा," ती म्हणाली.

पटवाऱ्यानं खिसे चाचपले आणि मोहोर घरी राहिल्याचं सांगितलं. फरशीवर त्यानं ओल्या मातीचा एक गोळा थापून त्यावर अंगठा उठवला. अंगठा कुणाचा, हे नंतर कुणाला सांगता आलं नसतं, आणि त्याला तेच हवं होतं. फरशीही त्यानं चार बोटं उघडीच ठेवली. "वाफ जाऊ द्या," एवढंच म्हणाला आणि गेला. तोवर मी त्याला घाबरट समजत होतो.

गिरदावर दुसऱ्या दिवशी आला नाही. परंड्याचा रस्ता कुणीतरी जागोजागी खणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कंदील तळापर्यंत जळत गेला. मग भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गावच्या बाया शेणखताच्या पाट्या घेऊन फसवीत गेल्या आणि पाट्या घेऊन परत आल्या. जाताना खत, येताना खाली जोंधळा आणि वर चार गोवऱ्या. वाटेवर कुणी विचारलं असतं तर खत वाहतोय हे खोटं नव्हतं. घराघरात अक्कानं जोंधळा ठेवायला दिला. दोन पायल्या इथं, पाच पायल्या तिथं. सालगड्यांकडं दिला, भांडमाळावर डोकी फुटलेल्या दोन्ही भावांकडं वेगवेगळा दिला. एक जण गावात शेळीचोर म्हणून प्रसिद्ध होता, त्याच्याकडंही एक पोतं ठेवलं.

चौथ्या दिवशी गिरदावर चार गाड्या घेऊन आला. पेवात कडेचा आणि तळाचा काळा थर होता. पटवाऱ्यानं पंचनामा लिहिला, धान्य नासलेलं, जनावरांनाही निरुपयोगी. गाड्या रिकाम्या गेल्या. अक्काला दोनदा तहसिलीत उभं केलं. तिसऱ्या तारखेच्या आत राजवटच बदलली.

जोंधळा सगळा परत आला असं मी म्हणणार नाही. काही घरांतून पूर्ण आला, काहींतून मापाला उतरून आला, दोन घरांतून आलाच नाही. शेळीचोरानं दाणा न् दाणा दिला. फसवीत मात्र तिनं परत काही ठेवलं नाही. पेव पडून राहिलं, कडा ढासळल्या, आणि लोक माझ्या हुद्द्यानं त्याला ओळखू लागले.

त्या पाट्यांच्या दिवशी मीही हजर होतो. सकाळपासून रिकाम्या पाट्या उचलून देत होतो, कारण भरलेली मला कुणी देत नव्हतं. शेवटची दोन पोती उरली तेव्हा धीर करून म्हणालो, "अक्का, माझ्या खोलीत मावतील की. तुमचंच घर, तुमच्या डोळ्यांसमोर राहतील."

बाया हसल्या. अक्का हसली नाही. तिनं विचार केला, खरंच केला, ते दिसत होतं.

"नको, मास्तर," ती म्हणाली. "तुमी आपलं जेवायला वेळंवर या."

ती दोन पोती तिनं गावाबाहेरच्या वस्तीवर पाठवली, जिथल्या माणसांशी तिचं तोवर कधी बोलणंही नव्हतं. मी हात धुऊन पानावर बसलो. भाकरी गरम होती. तिनं वाढली, आणि मी खाल्ली.